करंजाची जागा

जोमा मुकादमाच्या चाळीची मागची भिंत आता पाहायची असेल तर मान वाकडी करावी लागते. तिच्यापाठी दुसरी चाळ उभी राहिली आहे आणि दोहोंच्या मध्ये हातभर फट उरली आहे. फटीत शेवाळ, फुटक्या कौलांचे तुकडे आणि कुणाच्या तरी मोरीचे पाणी. डोळा तिथल्या अंधाराला सरावला की भिंतीत कमरेच्या उंचीवर एक चौकोन दिसतो. बाकीची भिंत काळवंडली आहे. चौकोन तेवढा काळा नाही. त्याचा चुना नंतरचा आहे आणि घाईने लावलेला आहे.

परवा एका लग्नासाठी ठाण्याला गेलो होतो. आधी तो चौकोन पाहून आलो. जागेवर होता. मग मांडवात जाऊन बसलो.

मी मुंबईच्या एका वर्तमानपत्रात बातम्या लिहितो. आधी ठिकाण सांगावे, मग माणसे, मग काय घडले; लिहिणाऱ्याला काय वाटले ते कुणी विचारलेले नसते, असे तिथे पहिल्याच आठवड्यात शिकवले जाते. हे लिहितानाही तो नियम पाळायचा प्रयत्न करतो. सगळीकडे पाळता येईल असे वाटत नाही.

ठिकाण म्हणजे ठाणे शहर आणि खाडी यांच्यामधला आमचा आगऱ्यांचा पाडा. पुरुष मिठागरांवर, बायका शेतात आणि मासळीच्या पाटीमागे. आगगाडी येऊन फार वर्षे झाली नव्हती. तिची शिट्टी ऐकून म्हातारी माणसे अजून बोलता बोलता थांबत. पाड्यातली घरे एकमेकांकडे तोंड करून नव्हती आणि पाठ करूनही नव्हती. ज्याला जिकडचा वारा बरा वाटला त्याने तिकडे दार ठेवले होते. दोन घरांच्या मध्ये एक गाय आडवी उभी राहील एवढी तरी जागा असे. त्या जागांना नावे होती. एक माडाची बोळ, एक कोंबड्यांची, एक म्हातारीची. म्हातारी कोण, हे आमच्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हते. नाव मात्र होते, आणि नाव होते म्हणून तिथे कुणी कुंपण घालत नसे.

या सगळ्या बोळी मधल्या खळ्यावर येऊन मिळत. खळे सगळ्यांचे. दिवाळीनंतर ते शेणाने सारवले जाई आणि भात झोडायला सुरुवात होई. बायका तिवईवर उभ्या राहून सूप डोक्याच्या वर धरत आणि हलकेच तिरपे करत. खाडीकडून येणारा वारा फोलपट उचलून बाजूला नेई आणि दाणा सरळ पायाशी पडे. वारा थांबला की बायका सूप तसेच वर धरून गप्प उभ्या राहत. पुन्हा आला की गाणे जिथे सोडले होते तिथून उचलत. आमच्या नाकाकानात भुसा असे, मानेला खाज सुटे. नव्या भाताचा वास येई, आणि त्याच्याखाली, कायमचा, मिठागराच्या चिखलाचा.

खळ्याच्या खाडीकडच्या कडेला करंज होता. उन्हाळ्यात त्याची फुले एवढी गळत की झाडाखालची जमीन जांभळट पांढरी दिसे आणि पायाखाली मऊ लागे. त्याच्या बियांचे तेल आमच्या दिव्यांत जळे. तो वास कडू, जड. अंगावरच्या कपड्यांना धरून राहणारा. शाळेतली शहरातली मुले त्या वासावरून आम्हाला ओळखत. करंजाच्या आडव्या फांदीला झोपाळा होता. त्यावर जास्तीत जास्त वेळ बसण्याचा हक्क हिरूचा होता, कारण ती उतरतच नसे. हिरू ही जोमा मुकादमाची मुलगी, माझ्या बरोबरीची.

आमच्यात लग्न भटजी लावत नसे. धवलारीण लावी. लग्नात म्हणायच्या गाण्यांना धवळे म्हणतात. ती सगळी ज्या बाईला क्रमाने येतात ती धवलारीण. माझी आत्या धवलारीण होती. आई लवकर गेल्यामुळे मी आत्याकडेच वाढलो. ती उंच, कोरडी बाई होती. घरात फारसे बोलत नसे. मांडवात मात्र तिच्या आवाजापुढे कुणाचे चालत नसे.

धवळ्याच्या आरंभी बोलावणे असते. आधी देवांना, मग पूर्वजांना. आमच्या पाड्यात त्यापुढे जागांना बोलावत. आत्या एकेका जागेचे नाव गाण्यात घेई आणि थांबे. घरचा कर्ता पुरुष हळदीच्या अक्षता मुठीत घेऊन त्या जागी जाई, तिथे ठेवी आणि परत येऊन सांगे, ‘सांगून आलो.’ मग पुढचे नाव. विहीर, बांधावरचा दगड, बोळी, खळे, आणि सगळ्यांच्या शेवटी करंज. मुलीचे लग्न असेल तर नवरा दारात आल्यावर, मुलाचे असेल तर वरात निघण्याआधी. करंजाला सांगून झाल्याखेरीज पुढचे काही होत नसे. मुहूर्त आम्ही पंचांगात पाहत नव्हतो. वराती होडीने येत आणि जात; खाडीला पाणी असेपर्यंत मुहूर्त. ओहोटी लागली की होडी चिखलात बसे आणि लग्नाचे हसे होई.

शहर रुंद झाले नाही, दाट झाले. कचेरी होती, न्यायालय होते, रेल्वेची कामे होती. बदलून आलेली माणसे बिऱ्हाड करायला जागा शोधत फिरत. लोक म्हणत, घोडबंदरपर्यंत माळ पडला आहे, तिकडे का बांधत नाहीत. तिकडे कुणी बांधले नाही. तळ्याच्या बाजूने सुरुवात झाली. दोन घरांच्या मध्ये तिसरे, तिसऱ्याच्या परसात चौथे, चौथ्याच्या जिन्याखाली खानावळवाला. रोज त्या रस्त्याने शाळेत जाणाऱ्याला ते कळत नसे. एखाद्या सकाळी वळण घ्यायला जावे तर वळणाच्या जागी दार असे.

पाड्यात ते जोमाने आणले. जोमा मिठागरावरचा मुकादम. रुळांच्या भरावाला माणसे पुरवून वर आलेला. आमच्यात जोडा घालून खळ्यावर येणारा तो पहिला. खळे कुणाचे, असे आम्ही कधी विचारले नव्हते. मोजणीवाले आले तेव्हा त्यांनी विचारले, आणि त्या वेळी तिथे जोमा उभा होता.

तो आमच्या ओटीवर येऊन आत्याशी बोलला ते मी ऐकले आहे. आत्या मासे निवडत होती. वर पाहिले नाही.

“निम्माच खला घेतंय, बाय. निम्मा तुमाला सोरतंय. आता सगला मोकला पडलाय. मोकल्या जागेला भाडा कोन देतो?”

“वारा,” आत्या म्हणाली.

जोमा हसला. “त्याचा भाडा तुमी खावा.”

करंज तोडला त्या दिवशी पाड्यात सगळ्या चुली पेटल्या होत्या, हेही नोंदवले पाहिजे. कुणी उपास केला नाही, कुणी आडवे गेले नाही. जोमाने लाकूड घरटी वाटले आणि लोकांनी नेले. ते ओले होते. संध्याकाळी पाडाभर कडू धूर झाला आणि सगळ्यांचे डोळे चुरचुरले. आमचा वाटा दारात आणून टाकला होता. आत्याने तो उचलला नाही, मलाही उचलू दिला नाही. त्याला वाळवी लागली, पावसाने त्याचा चुरा केला, त्यावर अळंबी उगवली. त्या ढिगाला वळसा घालून आम्ही कितीतरी दिवस घरात जात होतो.

मग चुन्याची घाणी आली. गोल चर, त्यात दगडी चाक, चाकाला बैल. दिवसभर ते चाक एकाच सुरात कुरकुरे. चुन्याला गूळ आणि हिरड्याचे पाणी घालत. तो गोडसर, जिभेला कोरड पाडणारा वास उफणणीच्या हंगामात खळ्यावर होता. त्या वर्षी बायकांनी सुपे वर धरली आणि पुष्कळ वेळ धरून ठेवली. वारा आला नाही. भिंत तोवर डोक्याच्या वर गेली होती. पुढच्या वर्षापासून भात बांधावर नेऊन उफणू लागले. बांधावरचा वारा मोकाट; दाणासुद्धा खाडीत जाई. आणि बांधावर गाणे जमत नाही. आवाज विरून जातो.

चाळीने दारे रस्त्याकडे ठेवली होती आणि पाड्याकडे पाठ केली होती. आडवी, लांब, एकही खिडकी नसलेली पाठ. बिऱ्हाडे भराभर आली. त्यांच्या स्वयंपाकाला हिंगाचा वास होता, सकाळी घंटेचा आवाज येई, बाया तुळशीला पाणी घालत. त्यांचा दोष काही नव्हता. काही दिवसांनी जोमा निरोप घेऊन आला की मासळीच्या पाट्या चाळीच्या दारावरून नेऊ नयेत, सोवळ्याची घरे आहेत. पाड्यातल्या बायका तेव्हापासून बाजाराला लांबच्या वाटेने जाऊ लागल्या. चढ होता आणि पाट्या ओल्या, जड असत. माझ्या आत्याच्या मानेला जे दुखणे लागले ते त्या वाटेवरचे. वैद्याने दुसरे कारण सांगितले होते. मी माझे सांगतो.

लग्ने थांबली नाहीत. चाळीनंतरच्या पहिल्या लग्नात करंजाचे नाव आले तेव्हा मांडवातली माणसे एकमेकांकडे पाहू लागली. आत्या म्हणाली, “झार गेला, जागा नाय गेली. भिंतीपाशी ठेवा. त्याला पोचल.” तेव्हापासून अक्षता भिंतीच्या तळाशी ठेवू लागले. चिमण्या टिपून नेत. लोकांना वाटले, मिटले. जोमालाही वाटले असावे.

हिरूचे लग्न कल्याणला ठरले. नवऱ्याच्या घरची मिठागरे होती, स्वतःच्या होड्या होत्या. जोमाने उरलेल्या खळ्यावर मांडव घातला. पाड्याने एवढा मोठा मांडव पाहिला नव्हता. तो आत्याला बोलवायला स्वतः आला, पायांतले जोडे दाराबाहेर काढून. आत्या म्हणाली, “येन. पोरीचा लगीन हाय.” त्या दिवसांत ती अंगणात बसून एकटीच धवळे म्हणत असे. मी तेव्हा इंग्रजी शाळेच्या शेवटच्या वर्गात होतो. तिला सगळे पाठ असताना ती काय घोकते आहे, हे मला कळले नाही.

संध्याकाळी पाणी भरात असताना वऱ्हाड आले. हिरू हळदीने पिवळी होऊन पाटावर बसली होती. आत्याने नावे घ्यायला सुरुवात केली. जोमाने लाल पागोटे बांधले होते. तो विहिरीला सांगून आला, दगडाला सांगून आला, बोळींना सांगून आला. चालण्यात ऐट होती. वऱ्हाड पाहत होते. करंजाचे नाव आले. तो चाळीच्या भिंतीपाशी गेला, वाकला आणि परत आला.

“सांगून आलो.”

आत्या गायली नाही. “कुटं ठेवल्यास?”

“भिंतीपाशी.”

“करंज भिंतीपाशी नव्हता, जोमा.”

मांडवात कुणीतरी खोकले. जोमा पागोटे सारखे करत म्हणाला, “मंग कुटं व्हता?”

“तुना ठावं. तूच तोडलास.”

“सगल्यांचा भिंतीपाशी चालला. माझाच का नाय चालत?”

“सगल्यांनी भिंत नाय बांदली,” आत्या म्हणाली आणि पदर सावरून बसली. घाई नसलेल्या बाया बसतात तशी.

करंजाची जागा भिंतीच्या आत होती, चाळीच्या मधल्या खोलीत. तिथे कचेरीतल्या एका कारकुनाचे बिऱ्हाड होते. जोमा चाळीला वळसा घालून त्याच्या दारात गेला. आम्ही पाच-सहा जण मागोमाग गेलो. दार उघडे होते. आत कारकुनाची बायको सोवळ्याने स्वयंपाक करत होती. चूल मागच्या भिंतीला लागून होती. जोमाने उंबऱ्याबाहेर उभे राहून काम सांगितले. बाईंनी ते ऐकून घेतले. आवाज चढवला नाही.

“मुकादम, आज नाही जमायचं. उद्या दुपारी या, मी सारवून घेईन मागाहून.”

“उद्या लगीन नाय, बाई. आता हाय. पानी उतरंल.”

“पण तुम्हीच म्हणाला होतात ना, खोली देताना? की इथं तुमच्या चुलीपाशी कुणाची सावली पडायची नाही म्हणून. आमच्या सासूबाई त्या बोलीवर इथं आल्या.”

जोमाने अक्षतांची मूठ पुढे केली. “मंग तुमी ठेवा. चुलीच्या बाजूला, जिमनीवर. येवढा करा.”

बाईंनी पाटावरून एक केळीचे पान उचलून उंबऱ्यावर सरकवले. “यावर ठेवा. मी ठेवते.” त्या मनाने चांगल्या होत्या. हे मी तेव्हाही पाहिले होते.

आमच्यातला एक जण धावत मांडवात जाऊन विचारून आला. आत्याचे उत्तर आले: बोलावणे घरच्या कर्त्याने द्यायचे असते, भाडेकरणीने नव्हे.

परत मांडवात आलो तेव्हा वाजंत्री थांबली होती. नवऱ्याचा मामा धक्क्यावरून येऊन उभा होता. “मुकादम, पानी उतराय लागला. होडी बसली तर नवरीला काय खांद्यावर नेवाची कल्यानला?” कल्याणची माणसे हसली. आमची हसली नाहीत, पण खाली पाहू लागली, आणि खाली पाहणाऱ्यांचे खांदे हलत होते.

जोमा आत्यासमोर उकिडवा बसला. हळू बोलला, पण मी समई धरून शेजारीच उभा होतो.

“बाय, सोर आता. काय पायजे तां माग.”

“मी मागत नाय. बोलवतंय.”

“लोकांसमोर नाक कापतंस माझा.”

“करंज तोडलास तवा पन लोकच व्हते.”

 जोमा उठला, पागोटे काढून मुलाच्या हातात दिले आणि गोठ्यातून पहार घेऊन आला. गड्यांपैकी एक पुढे झाला, त्याला त्याने हाताने मागे सारले. स्वतःच्या चाळीच्या पाठीवर त्याने स्वतः पहार घातली. चुना चांगला होता. गूळ आणि हिरडा घालून मळलेला. लवकर सुटेना. जोमाच्या मिशा पांढऱ्या झाल्या, धोतरावर घामाचे आणि चुन्याचे लगदे झाले. आतून बाईंचा आवाज आला, मग भांडी पडल्याचा. कारकून रस्त्याने धावत आला आणि भिंतीच्या या बाजूला आपल्या घरमालकाला पहारीसह पाहून उभाच राहिला.

भोक पडले. जोमाने त्यात खांद्यापर्यंत हात घातला. चुलीच्या अंगाला, जिथे झाडाचा बुंधा होता तिथे, मूठ उघडली. चूल बाटायची ती बाटलीच.

“सांगून आलो,” तो मांडवात येऊन म्हणाला. त्याच्या आवाजात काही उरले नव्हते.

तेवढ्यात खोलीच्या रस्त्याकडच्या उघड्या दारातून आणि भिंतीतल्या त्या भोकातून खाडीचा वारा मांडवात आला. मिठाच्या चिखलाचा वास होता, आणि त्यात मिसळलेली हिंगाची फोडणी. समयांच्या ज्योती एका बाजूला आडव्या झाल्या. खळ्यावर म्हाताऱ्या बायका होत्या, त्यांच्यातल्या एकीने हवेत हात वर केला, सूप धरल्यासारखा, आणि खाली घेतला. आत्याने शेवटचा धवळा घेतला. होडी वेळेत सुटली; शेवटच्या माणसांना गुडघाभर चिखलातून चढावे लागले.

दया आल्याचे मला आठवत नाही. समई हलू नये म्हणून हसू आवरल्याचे आठवते.

दुसऱ्या दिवशी जोमाने भोक बुजवले. तोच तो चौकोन. कारकुनाचे बिऱ्हाड अमावास्येच्या आत गेले आणि मधली खोली पुष्कळ वर्षे रिकामी राहिली. बाटलेल्या चुलीची खोली म्हणून ती शहरभर ओळखली गेली. नाव पडल्यावर जागेवर कुणी हात टाकत नाही, हे जोमाला तेव्हा कळले असेल.

हिरू पावसाळ्यात माहेरी येई; मिठागरे तेव्हा बंद असतात. माहेरी येई, पण बसे आमच्या ओटीवर. आत्या जाळे विणताना एकेक ओळ म्हणे, हिरू मागून म्हणे. एकदा आत्याने तिला विचारले, “बापाचा राग हाय काय गो तुना?”

“नाय,” हिरू म्हणाली. “माझा झोपाला व्हता त्या झाराला.”

आत्याने पुढची ओळ सांगितली. त्या विषयावर त्या दोघी पुन्हा बोलल्याचे मी ऐकले नाही. आत्या गेली त्या वर्षी सगळे धवळे हिरूकडे होते, आणि मी मुंबईत होतो.

पाड्यातल्या बाकीच्या जागाही गेल्या. जोमाला शिव्या देणाऱ्यांनीच पुढे एकेक खोली काढली. माडाच्या बोळीत शिंपी बसतो. म्हातारीच्या बोळीत दोन बिऱ्हाडे आहेत आणि त्यांचा एकमेकांशी वाद आहे. कोंबड्यांची बोळ नेमकी कुठे होती, हे मला परवा सापडले नाही. मी दोनदा फिरलो आणि दोन्ही वेळा एका मोरीपाशी पोचलो. उरलेल्या निम्म्या खळ्यावर जोमाच्या मुलाने, धाकूने, दुसरी चाळ बांधली. बापाच्या चाळीच्या पाठीला जवळजवळ टेकवून.

परवाचे लग्न धाकूच्या थोरल्या मुलाचे. मांडव रस्त्यात घालावा लागला, दुसरी जागाच नव्हती. जोमा खाटेवर बसवलेला होता. दिसते कमी, ऐकू येते. हिरू केस पांढरे होऊन आत्यासारखीच दिसू लागली आहे. तिने नावे घ्यायला सुरुवात केली आणि माझ्या लक्षात आले की यादी लांबली आहे. जी जागा बुजली ती तिने गाण्यात वेगळी, नावानिशी घातली आहे. मोरीपाशी अक्षता गेल्या, शिंप्याच्या यंत्राखाली गेल्या, भांडणाऱ्या दोन्ही बिऱ्हाडांच्या मधल्या भिंतीवर गेल्या. घराचा कर्ता अजून जोमाच. नातवाच्या खांद्यावर हात ठेवून तो गल्ल्या फिरत होता आणि धापा टाकत परत येत होता. हिरू प्रत्येक वेळी थांबत होती. मग करंज आला.

मधल्या खोलीत आता तारखात्यातला एक तरुण राहतो. त्याला कुणीतरी आधीच सांगून ठेवले असावे. तो मांडवात येऊन म्हणाला, “या ना आत, मुकादम. आमच्याकडं सोवळं वगैरे काही नाही.”

धाकूचा चेहरा उजळला. “चला, बा.”

“दारानं नाय,” हिरू म्हणाली.

“आका, तो मानूस सोताहून बोलवतंय.”

“माझ्या लग्नात बा भिंतीतना गेलता. वाट ती.”

“त्या भिंतीच्या आड आता माझी चाल हाय. आन् जी खोली आडवी येतंय ती या पोराचीच. काल चुना दिलाय तिला. नवरी तिथं यावाची हाय.”

“ठावं हाय मना.”

“फटीतना टाकतंय अक्षता. मूठभर टाकतंय.”

“पाखरांना नाय घालवाच्या.”

मांडवातली तरुण माणसे चिडली होती. म्हातारी माणसे खाली पाहू लागली, आणि त्या खाली पाहण्याचा अर्थ मला ओळखता आला. जोमाने हिरूच्या आवाजाच्या दिशेने तोंड फिरवले.

“पोरी, मी म्हातारा झालो गो.”

“करंज तुझ्यापरीस म्हातारा व्हता, बा.”

तिने ते रागाने म्हटले नाही. तिने समईतली वात पुढे सारली आणि हात मांडीवर ठेवून बसली. धक्क्यावरून एक जण येऊन सांगून गेला की पाणी टिकून आहे, पण फार वेळ नाही. धाकू बापाकडे पाहत होता. त्याला वाटत होते, बाप काहीतरी बोलेल. जोमाने बोटे उघडून हात पुढे केला.

“पहार,” तो म्हणाला.

धाकूने आपल्या मुलाच्या नव्या खोलीची भिंत फोडली. पांढरा चुना ढिगाने पडला. मग फटीपलीकडची जुनी भिंत आली. चौकोन कुठे आहे ते जोमाने आत हात घालून, चाचपून दाखवले; अंधारात त्याला आमच्यापेक्षा बरे दिसत होते. जुना चुना लवकर सुटला. घाईने लावलेला होता. नातवाने आजोबाला काखेत धरले आणि जोमाने दोन भिंतींच्या आत, खांद्यापर्यंत, हात घातला.

दोन भोकांमधून आणि उघड्या ठेवलेल्या दारातून जो वारा यायचा तो आला. थोडाच होता. समईच्या ज्योतीला आडवे करण्याइतका नव्हता. ती नुसती हलली. हिरूने तिच्यापुढे हात धरला आणि गायला लागली.

मी सकाळच्या गाडीने परतणार होतो. निघण्याआधी पुन्हा तिकडे गेलो. धाकू उघड्या अंगाने चुना कालवत होता. संध्याकाळी सून घरात यायची होती. हिरू दारात बसून चहा पीत होती. तिने कालवलेल्या चुन्याकडे पाहिले.

“धाकू, जाड नको लावू,” ती म्हणाली. “धाकल्याचा लगीन हाय पुढल्या साली.”